झूझूच्या आत माणूस होता

झूझू आठवतात? मोठं गोल डोकं, काटकुळे हातपाय, अंड्यासारखं पांढरं अंग. २००९च्या आयपीएलमध्ये व्होडाफोनच्या त्या जाहिराती आल्या तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण बालवाडीत असतील, पण यूट्यूबवर त्या अजून सापडतात. आज एखादी मित्राला दाखवा आणि विचारा, हे कसं केलं असेल? उत्तर बहुधा येईल, ‘ॲनिमेशन.’

नाही राव, ती खरी माणसं होती! ओगिल्वीची कल्पना, दिग्दर्शक प्रकाश वर्मा, शूटिंग दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला. सडपातळ कलाकारांना, त्यात बायका जास्त, पांढरे पोशाख घातले, वर मोठी डोकी बसवली, हावभावांसाठी रबराचे डोळे-तोंड चिकटवले. कॅमेरा नेहमीपेक्षा हळू, सेकंदाला २० फ्रेमने चालवला. तेच चित्रण नेहमीच्या वेगाने दाखवलं की हालचाल भरभर, झटकेदार दिसते, अगदी कार्टूनसारखी. तीसेक जाहिराती हव्या होत्या, जवळपास रोज एक नवी. कॉम्प्युटरवर बसून ते करायला किती वेळ गेला असता!

हा खेळ आपल्याकडे जुनाच आहे म्हणा. दादासाहेब फाळक्यांनी १९१२च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि पडद्यावर बघता बघता रोप उगवून दाखवलं. सिनेमाला पैसा लावणाऱ्याला पटवण्यासाठी केलेली ती एक जाहिरातच.

आता ‘खरं शूट म्हणजे प्रामाणिक, कॉम्प्युटर म्हणजे फसवणूक’ असं बोलायची फॅशन आहे. २०२४मध्ये कोका-कोलाने ख्रिसमसची जाहिरात एआयवर बनवली तेव्हा नेटवर चिक्कार टीका झाली. मला हे अर्धंच पटतं. अमेरिकेत कॅम्पबेल सूपच्या जाहिरातीत वाटीच्या तळाला काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे भाज्या वर येऊन सूप घट्ट दिसावं. गोट्या खऱ्या, वाटी खरी, सूपही खरं. तरी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हरकत घेतली. उलट २०२१च्या दिवाळीत कॅडबरीने एआयने शाहरुखचा चेहरा आणि आवाज असा वापरला की छोट्या दुकानदाराने आपल्या दुकानाचं नाव टाकलं की शाहरुख तेच नाव घ्यायचा. सगळी कॉम्प्युटरची करामत, पण चॉकलेटबद्दल त्यात काही खोटं नव्हतं. म्हणून तंत्र कुठलं, यापेक्षा ते वस्तूच्या कुठल्या गुणाबद्दल बोलतंय, हे बघा.

आणि ते बघायला मुंबईला जायची गरज नाही. तुम्ही दारव्ह्याचे असा की बोरी अरबचे, घरच्या टीव्हीवर कीटकनाशकांच्या जाहिराती लागतातच. पऱ्हाटीवर एक चमकदार लाट पसरते, बोंडअळी टपकन गळून पडते, बोंड फुग्यासारखं फुगतं. ती लाट, ती अळी कॉम्प्युटरची. खरं औषध पानावर असं चमकत नाही, आणि अळी बोंडाच्या आत शिरली की फवारा तिच्यापर्यंत नीट पोचतही नाही. २०१७मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. त्याला जाहिराती कारण होत्या असं मी म्हणत नाही. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, औषधांची मिश्रणं, मास्क-हातमोजे नसणं, अशी कारणं पुढे आली होती. पण चमकणारी लाट दाखवणाऱ्या दृश्यात पाठीवरचा पंप आणि वाऱ्याने तोंडावर येणारा फवारा कुठे असतो?

अशा दृश्यांखाली कधी कधी बारीक इंग्रजीत ओळ येते, की हे कल्पनाचित्र आहे. दोन सेकंदांत गायब! २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत हवा, आणि तो नीट वाचता येईल असा. मराठीत दावा, इंग्रजीत खुलासा, हे चालत नाही. तुमच्या आजोबांना ती ओळ वाचता येते का, विचारून बघा. नसेल येत तर मोबाइलवर जाहिरात थांबवा, स्क्रीनशॉट घ्या, चॅनेल आणि वेळ लिहून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.