पान पोखरणारी अळी : आधीं ओळख, मग औषध

टोमॅटोच्या पानांवर पांढुरके चट्टे दिसूं लागले, कीं 'औषध कोणतें मारावें?' असा प्रश्न येतो. आमच्या मतें हा प्रश्न दुसरा होय. कीड कोणती, हा पहिला. तो सुटल्यावांचून पंप उचलणें म्हणजे नाडी न पाहतां मात्रा उगाळणें होय.

नागमोडी रेघ ओढणारी नागअळी ही माशीची संतति. तिला निराळें डोकें नाहीं कीं पाय नाहींत. दुसरी अळी पानांत रुंद, पारदर्शक चट्टा पाडते. तिला डोकें व पाय असतात, ती फळांतहि शिरते आणि तिचा पुढें पतंग होतो. हा 'टुटा ॲब्सोल्यूटा' मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. एडवर्ड मेरिक यांनीं १९१७ सालीं त्याचें वर्णन केलें. २००६ मध्यें तो स्पेन देशांत व २०१४ मध्यें पुणें जिल्ह्यांत आढळला. माशी पिवळ्या चिकट सापळ्यावर येते. कामगंध सापळा त्या पतंगाच्या नरांसाठींच असतो. नागअळीच्या शेतांत तो टांगणाऱ्याचे पैसे मातींत जातात.

कोवळ्या अळीची रेघ मात्र दोहोंची सारखीच भासते. म्हणून अळी पाळावी. रुंद तोंडाच्या बरणींत बोटभर ओलसर माती घालून, पोखरलेल्या पानाचा देंठ ओल्या कापसांत गुंडाळून आंत ठेवावा व तोंडास मलमल बांधावी. बरणी सावलींत असावी. काचेवर दंव सांचलें कीं बुरशी आलीच. दोन-तीन आठवडे धीर धरावा. कधीं पतंगाऐवजीं चिमुकली गांधीलमाशी निघते. 'प्रयोग फसला' म्हणून ती फेंकूं नये. अळीला आंतून खाणारी ती आपली मित्र आहे, आणि आंधळ्या फवारणींत तीहि मरते.

पतंग निघाला तरी काम संपत नाहीं. बटाट्यावरील पतंग ह्याच कुळांतला, रूपानेंहि जवळचा. दोहोंचा निवाडा नराचे अवयव सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून होतो. तें काम तज्ज्ञाचें. केवळ पान पाहून चिठ्ठी लिहून देणाऱ्या दुकानदारावर आम्ही विसंबणार नाहीं.

प्रत्येक शाखेनें पंपाशेजारीं अशा चार बरण्या ठेवाव्या, असें आम्ही सुचवितों. पतंग कोरडेच डबींत घालावे, कारण स्पिरिटांत पंखांवरील खवले निघून जातात. अळ्या मात्र स्पिरिटांत ठेवाव्या. सोबत सुकविलेलें पान, रिकामा कोष, आणि पीक, गांव व तारीख लिहिलेली चिठ्ठी असावी.