देवदूत म्हणू नका, झोप लागते का ते विचारा

छत्रपती संभाजीनगरातले शहागंज, चेलीपुरा, सिटी चौक. या बाजूच्या बहुतेक गल्ल्यांत घाटी या सरकारी रुग्णालयात नाहीतर एखाद्या खासगी दवाखान्यात कामाला जाणारं घर असतंच. कोणी सिस्टर, कोणी ब्रदर, कोणी एक्स-रेत, कोणी वॉर्डात मावशी किंवा मामा. 2020 च्या मार्चपासून पुढची दोन वर्षं ही माणसं कोविड वॉर्डात राबली. 5 मे 2023 ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. तोवर आपण मास्क कधीच काढून टाकले होते. पण वॉर्डातल्या काहींच्या मागची साथ अजून सुटलेली नाही. त्यांच्या घरच्यांशी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी थोडं बोलायचं आहे.

पीपीई किट घातलं की सहा-सहा तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही. दुहेरी ग्लोव्हजमध्ये घाम साचून बोटांची टोकं पांढरी पडायची, चष्म्यावर धुकं, आणि त्यातच सलाइनसाठी शीर शोधायची. हे शरीराचे हाल झाले; ते भरून येतात. दुसरं भरून यायला वेळ लागतो. पेशंट गेलेला असायचा आणि उशीखालचा त्याचा मोबाइल वाजत राहायचा, स्क्रीनवर ‘घर’ असं नाव. उचलून सांगायचं कोणी? अशा मावशीला आज शहागंजातल्या मोबाइलच्या दुकानापुढून जाताना तीच रिंगटोन ऐकू आली आणि पाय जागीच थांबले, तर ती नाटक करत नाही. मेंदूने तो आवाज धोक्याचा म्हणून नोंदवून ठेवलाय, एवढंच.

त्यातही सगळ्यात खोल जाते ती भीती नव्हे, अपराधाची बोच. एप्रिल 2021 मध्ये बेड एक आणि दारात माणसं चार, अशी वेळ राज्यभर आली. 21 एप्रिलला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली, पुरवठा तुटला आणि वीसहून जास्त रुग्ण गेले. तिथल्या सिस्टरांनी हाताने काय करायचं होतं? तरीही ‘आपण काही करू शकलो असतो’ हा विचार नेमका चांगलं काम करणाऱ्यालाच जास्त छळतो. म्हणून ‘देवदूत’ हा शब्द त्यांच्यापुढे वापरू नका. ज्याला वाटतं की आपल्या हातून माणूस सुटला, त्याला तो शब्द टोचतो.

आपणही काही कमी केलं नाही. 22 मार्च 2020 ला थाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या काही आठवड्यांत ठिकठिकाणी नर्सांना ‘खोली खाली करा’ म्हणून सांगितलं गेलं. त्यांच्यावरचे हल्ले रोखायला महिनाभरात वटहुकूम काढावा लागला, यातच आलं सगळं. तेव्हा कोणाला जिन्यात अडवलं असेल, तर आता जाऊन माफी मागा. उशीर झाला असला तरी चालेल.

घरच्यांनी काय करायचं? ‘किती मेले, कसे मेले’ हे खोदून विचारू नका. झालेलं सगळं एका बैठकीत बळेच वदवून घेण्याने बरं वाटत नाही, उलट काहींना जास्त त्रास होतो. झोप लागते का, जेवण जातं का, एवढंच विचारा आणि बसून राहा. बोलली तर ऐका, मध्येच ‘जाऊ दे, विसर आता’ म्हणू नका. नाइट ड्युटी करून आलेल्या बाईला दुपारी झोपू द्या. पाहुणे आले म्हणून तिला चहाला उठवायचं नाही, सासूबाईंनी हे मनावर घ्यावं.

झोप उडणं, क्षुल्लक गोष्टीवरून अंगावर येणं, ॲम्ब्युलन्सच्या भोंग्याने दचकणं, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढणं, ड्युटीला जाताना पोटात गोळा येणं. यातलं काही दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर डॉक्टरांना दाखवा. घाटीतच मानसोपचाराची ओपीडी आहे. पण जिथे नोकरी तिथेच केसपेपर काढायला संकोच वाटतो, तो खोटा नाही. उपचाराची माहिती गुप्त ठेवणं 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंधनकारक आहे. तरी मन धजत नसेल तर बाहेरचा डॉक्टर गाठा.

कंत्राटी पोरांकडे जास्त लक्ष असू द्या. लाट असताना बोलावलं, ओसरल्यावर घरी पाठवलं. त्यांचा पगार गेला आणि ज्यांच्याशी बोलावं ते सोबतीही गेले.

‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं कोणी म्हणालं, तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका. आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका. दवाखान्यात काम करणाऱ्याच्या हाताशी औषधं, इंजेक्शनं असतात, ती घरातून हलवा. त्याच दिवशी घाटीच्या अपघात विभागात न्या. आणि 14416 हा टेलिमानसचा नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेवा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि नाइट ड्युटीवरून परतणाऱ्याच्या वेळेलाही तो चालू असतो.