बंदूक थांबली, आता ग्रामसभेचे ऐका

सिहोरा, ता. तुमसर, जि. भंडारा

मा. मुख्यमंत्री व मा. खनिकर्म मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,



आमच्या तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत. खाणीच्या मजुरीवर चुली पेटतात, हे आम्ही पाहतो. तेव्हा हे पत्र खाणच नको म्हणणारे नाही. पण आमच्या भागातून वाहणारी वैनगंगा पुढे गडचिरोलीत जाते आणि तिथल्या सुरजागडच्या खाणीला रक्ताचा इतिहास आहे; हे पत्र तिच्याविषयी आहे.

सुरजागडचा डोंगर माडिया आदिवासींच्या ठाकूरदेवाचा. २००७ मध्ये तिथे सुमारे ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा पट्टा दिला गेला. २०१३ मध्ये माओवाद्यांनी खाणकंपनीच्या उपाध्यक्षासह तिघांना ठार केले. डिसेंबर २०१६ मध्ये डझनावारी वाहने जाळली. २०२१ मध्ये कडक पोलीस बंदोबस्तात खाण पुन्हा सुरू झाली. या सगळ्यात गावकरी मधल्या मध्ये भरडला गेला. पोलिसांशी बोलला तर खबऱ्या, खाणीला नाही म्हणाला तर नक्षल समर्थक.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याच्यासह ६१ जणांनी गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. आम्हाला मनापासून आनंद झाला. पण बंदुकीची भीती गेली म्हणजे गावाने खाणीला होकार दिला, असे कृपा करून समजू नका. सुरजागड खाणीच्या विस्ताराची २०२२ ची जनसुनावणी खाणीपासून शंभरहून अधिक किलोमीटरवर, जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. मजुरी बुडवून तिथवर कोण जाणार? पुढच्याच वर्षी वार्षिक उत्खनन ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यास पर्यावरण मंजुरी मिळाली.

म्हणून तीन मागण्या करतो. यापुढची प्रत्येक सुनावणी बाधित गावातच, माडिया-गोंडीत घ्या. पेसा आणि वनहक्क कायद्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार नवा पट्टा देण्याआधी पाळा. जिल्हा खनिज निधीचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवा.

गडचिरोली जिल्ह्यातल्याच मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, तो गोळी न झाडता, कायद्याच्या वाटेने. ज्यांनी शस्त्रे टाकली, त्यांना हीच वाट दाखवायची असेल, तर त्या वाटेने आलेल्या गावाचा नकारही सरकारला ऐकावा लागेल.

आपला,
सिहोऱ्याचा एक नागरिक