दोघींत एक प्लेट

सहकुटुंब सहलींवर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. जिवाभावाच्या मैत्रिणीबरोबर, केवळ खाण्यासाठी दोन दिवस एखाद्या शहरात जावं, हा बेत मात्र 'बघू पुढच्या वर्षी' म्हणत मागे पडत राहतो. या हिवाळ्यात तो प्रत्यक्षात यावा, म्हणून हा अंक.

शहर निवडलं इंदूर. होळकरांमुळे मराठी माणसाला ते परकं नाही, आणि थंडीत तिथं गराडू मिळतो : तळलेल्या कंदाच्या खरपूस फोडी, वर जिरावन मसाला आणि लिंबू. सकाळ पोहे-जिलबीची. पोहे तिथं वाफेवर मऊ ठेवतात, वर शेव भुरभुरतात. दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार करणारा सराफा, दुकानं मिटली की रात्री खाऊगल्ली होतो. दुधात शिजवलेला मक्याचा कीस खावा तो तिथंच. दोघीच असण्याचं मोल इथं कळतं. एक प्लेट दोघींत घेतली की पुढच्या चार ठेल्यांसाठी पोटात जागा उरते. शिवाय गप्पांना घड्याळ नसतं. मोठ्या गटात निम्मा वेळ माणसं गोळा करण्यातच जातो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

या अंकात हॉटेलांच्या याद्या सापडणार नाहीत. मैत्री आणि चव एकमेकींत कशा मुरतात, याकडे आमच्या लेखिकांनी पाहिलं आहे. तुमचं शहर कोणतं, सोबत कोण होतं आणि शेवटचा घास कुणी कुणाला दिला, हे आम्हाला जरूर कळवा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.