विश्लेषण : ड्रॅग शर्यतीत गिअरबॉक्स तीन सेकंदांत का तापतो? शहरातील ऑटोमॅटिक गाडीने त्यातून काय शिकावे?

लोणावळ्याजवळील अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ‘द व्हॅली रन’सारख्या ड्रॅग शर्यतीत पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर अंतर काही सेकंदांत कापले जाते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत मात्र खरी कसोटी गाडी हलण्यापूर्वीच सुरू होते आणि ती लागते गिअरबॉक्सच्या तेलाची. तेच काम करणारे तेल नायगावहून हिंदमाता उड्डाणपुलाच्या चढावर कोंडीत अडकलेल्या ऑटोमॅटिक गाडीतही असते.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय?
इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला हा तेलाने भरलेला डबा. समोरासमोर दोन टेबलफॅन ठेवून एकच सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याऐवजी तेल असते. पहिला पंखा इंजिन फिरवते, दुसरा चाकांकडे ताकद नेतो. दोघांच्या वेगातील फरक म्हणजे ‘स्लिप’.

उष्णता कुठून येते?
शर्यतीच्या आरंभरेषेवर गाडी जागच्या जागी रोखून इंजिनचा वेग वाढवला जातो. सुटताना जोर मिळावा म्हणून ही स्लिप मुद्दाम ठेवलेली असते. पण दुसरा पंखा थांबलेला असताना इंजिनची जवळपास सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. ढोबळ हिशेब असा : 100 किलोवॅट ताकद 3 सेकंद अडकली, तर 8 लिटर तेल साधारण 20 अंश सेल्सिअसने तापते. तेलाचे तापमान 80 अंशांच्या पुढे गेल्यावर दर 11 अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असा गॅरेजमधला ठोकताळा आहे. म्हणून शर्यतीच्या गाड्यांना वेगळा ऑईल कूलर आणि तापमापक बसवतात.

कोंडीत काय होते?
ब्रेक दाबून उभ्या असलेल्या गाडीत ही उष्णता फारच कमी असते. त्याने लगेच बिघाड होत नाही. खरा धोका चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्यात आहे. तेव्हा स्लिप वाढते आणि गाडी उभी असल्याने कूलरला समोरून वाराही मिळत नाही. वेग वाढल्यावर लॉक-अप क्लच दोन्ही पंखे जोडून स्लिप थांबवतो, पण रांगत्या वाहतुकीत ती वेळ क्वचितच येते.

सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या सारख्या?
नाही. स्वस्त गाड्यांतील ‘एएमटी’मध्ये टॉर्क कन्व्हर्टर नसतो. तिथे हीच सवय थेट क्लचप्लेट जाळते.

चालकाने काय करावे?
चढावर थांबल्यावर ब्रेक किंवा ‘ऑटो होल्ड’ वापरावा. इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, गिअर झटक्याने पडतो किंवा तेलाला जळका वास येतो, तर तपासणी टाळू नये. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत कोंडीतला सततचा वापर ‘खडतर’ मानून तेल लवकर बदलण्यास सांगितलेले असते. शर्यतीच्या गाडीत तापमान काट्यावर दिसते. घरच्या गाडीत बहुधा तो काटा नसतो. त्यामुळे वेळेवर तेल बदलणे हाच स्वस्त विमा. तो चुकला, तर खर्च गिअरबॉक्स उघडण्यापर्यंत जातो.