राखलेले मैदान आणि राखीव मैदान

मराठीत 'राखणे' ह्या क्रियापदाला दोन वाटा फुटतात. शेत राखावे, गुरे राखावीत, शब्द राखावा. ह्या वापरांत राखणाऱ्याची जबाबदारी अभिप्रेत असते. 'राखीव' म्हटले की जबाबदारी मागे पडते आणि इतरांना केलेली मनाई पुढे येते. शहरांतील सार्वजनिक मैदाने संघटित स्पर्धांसाठी, म्हणजे लीगसाठी, राखीव असावीत असा आग्रह धरणारे ह्या दोन अर्थांची बेमालूम सरमिसळ करतात. मैदान राखले जावे, हे आम्हांसही मान्य आहे. ते राखीव व्हावे, हे मात्र मुळीच मान्य नाही. (सामाजिक न्यायासाठी असलेल्या राखीव जागांशी ह्याची गल्लत कोणी करू नये. तेथे बाहेर ठेवलेल्यांना आत घेणे हा हेतू असतो. येथे आत असलेल्यांना बाहेर काढणे हा परिणाम आहे.)

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्ही टाकाऊ मानत नाही. खेळपट्टी आपोआप तयार होत नाही. तिला माळी, रोलर, पाणी आणि चिकाटी लागते. लीगमधून खेळाडू घडतात, हेही खरे. सर्वांत वजनदार मुद्दा तिसराच आहे. 'मोकळे' मैदान सर्वांना सारखे मोकळे नसते. तेथे थोराड मुले धाकट्यांना हुसकावतात आणि मुलगे मुलींना. बळी तो कान पिळी हा न्याय मोडायचा, तर वेळापत्रक हवेच. पण वेळापत्रक म्हणजे मालकी नव्हे. आमचा वाद आहे तो नेमका येथे.

मुंबईला हा वाद नवा नाही. एकोणिसाव्या शतकात एस्प्लनेडच्या मोकळ्या जमिनीवर पारशी व हिंदू तरुण क्रिकेट खेळत. १८७५ साली स्थापन झालेल्या, केवळ युरोपियनांसाठी असलेल्या बॉम्बे जिमखान्याला स्वतःचे मैदान होतेच. तरीही त्याच्या सभासदांना पोलोसाठी ही उरलेली जमीनही हवी होती. घोड्यांच्या टापांनी हिरवळ उखडे आणि तिच्यावर चेंडू धड टप्पा घेत नसे. १८८१ मध्ये शेकडो एतद्देशीय खेळाडूंनी गव्हर्नरांकडे अर्ज केला. शापूरजी सोराबजी ह्यांनी १८९७ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी पुस्तकात हा झगडा तपशिलाने नोंदवला आहे. मूठभरांचा खेळ 'संघटित' म्हणून मान्य आणि शेकडोंचा खेळ म्हणजे निव्वळ गर्दी, हा त्या वेळचा युक्तिवाद आजही शब्द बदलून आपल्या कानांवर पडतो.

पुढे केनेडी सी फेसवर पारशी, मुसलमान आणि हिंदू जिमखान्यांना वेगवेगळे भूखंड मिळाले. प्रत्येकाला आपापली जागा मिळाली, म्हणजे प्रश्न सुटला असे वाटेल. पण जागा क्लबची झाली की तेथे कोणी खेळायचे आणि कोणी पुढारपण करायचे, हे क्लब ठरवू लागतो. बाळू पालवणकर हे त्या काळातील हिंदू संघाचे अव्वल गोलंदाज. जातीमुळे त्यांना कर्णधारपद मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांच्याकडे १९२३ मध्ये आले, तेही बऱ्याच वादानंतर. विठ्ठल पालवणकर ह्यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत आले. आमच्या साहित्याच्या वर्गांत आत्मचरित्रांची चर्चा होते तेव्हा त्याचे नाव सहसा निघत नाही; निघावयास हवे.

ह्याउलट आझाद मैदान पाहावे. तेथे बावीस खेळपट्ट्या आहेत. त्या राखणारे क्लब वेगवेगळे असले, तरी सामन्यांच्या सीमारेषा एकमेकींत शिरलेल्या असतात; एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातील फलंदाजाच्या पाठीशी उभा असतो. १९४८ पासूनची, भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग अशाच मैदानांवर रुजली. १९८८ मध्ये तेंडुलकर आणि कांबळी ह्यांनी हॅरिस शील्डच्या सामन्यात ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली, तीही आझाद मैदानावरच. तेव्हा दर्जासाठी कुंपण अपरिहार्य आहे, असे निदान मुंबईकराने तरी म्हणू नये.

आता एका नव्या शब्दाकडे वळू. 'टर्फ' म्हणजे हिरवळ. आज मुंबई-पुण्यातील मुलांना हा शब्द जाळीने वेढलेली, कृत्रिम गवताची, तासाच्या भाड्याने मिळणारी जागा म्हणूनच ठाऊक आहे. खाजगी जमिनीवर असा व्यवसाय कोणी खुशाल करावा. पण सार्वजनिक मैदानेही त्याच नमुन्यावर बेतली गेली, तर 'मैदान' हा शब्द केवळ कोशात उरेल.

लीगमध्ये नियम छापून येतात आणि पंच नेमलेला असतो. मोकळ्या मैदानात 'एक टप्पा आउट'सारखा नियम मुलेच करतात. जागा अपुरी असते, शेजारच्या डावात चेंडू जातो, म्हणून करतात. भांडतात, तडजोड करतात, पुन्हा खेळतात. अनोळखी माणसांबरोबर जागा वाटून घेण्याचे हे शिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. भाडे आणि प्रवेशशुल्क परवडणाऱ्यांपुरते मैदान उरले, तर उरलेली मुले खेळाला मुकतीलच; शिवाय ह्या शहरावर आपलाही हक्क आहे, ही जाणीव त्यांच्या ठायी उपजणारच नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. वेळ राखावी, जमीन नको. लीगला ठरलेले वार आणि तास द्यावेत. तसेच ते मुलींना, धाकट्यांना आणि कोणत्याही संघात नसलेल्यांनाही द्यावेत, आणि हे वेळापत्रक मैदानावरच मराठीत लावावे. खेळपट्टीभोवती दोरी असावी, मैदानाभोवती कुलूप नसावे. माळ्याचा पगार महापालिकेने द्यावा, कारण जो पगार देतो तोच उद्या किल्ली मागतो. आणि सामना संपून यष्ट्या उपटल्या की मैदान पुन्हा सर्वांचे व्हावे, कोणाची परवानगी न घेता.