राखणीचें कुत्रें आणि घरचीं मुलें

इस्लामपुराकडे उंसाच्या मळ्यांत घर बांधणाऱ्या गृहस्थापुढें राखणीच्या कुत्र्याचा प्रश्न उभा राहतोच. आणि तो बहुधा चोराचा विचार करून उग्र जात पसंत करतो. आमच्या मतें हा क्रमच उलटा आहे. चोर क्वचित् येतो. मूल मात्र अष्टौप्रहर कुत्र्याजवळ वावरतें.

मुधोळचा कारवान नामांकित खरा; सन २००५ मध्यें टपालखात्यानें त्याचें तिकीटहि काढिलें. परंतु तो नजरेच्या बळावर शिकारीमागें धांवणारा. त्यास दौडण्यास रान हवें, आणि परक्याचा स्पर्श त्यास रुचत नाहीं. अंगणापुरतें घर असल्यास साधें गांवठी पिलूंच बरें. मात्र ८ आठवड्यांपूर्वीं तें आईपासून तोडूं नये. राखण म्हणजे भुंकून जागें करणें, चावणें नव्हे.

हितोपदेशांतील परटाचा कुत्रा चोर पाहूनहि गप्प राहिला. कारण धनी त्याच्या अन्नाची हयगय करीत असे. सदा सांखळीस बांधिलेला, उपेक्षिलेला कुत्रा कोणत्याहि जातीचा असो, मुलांस तो धोक्याचाच.

पिसाळरोगाची लस कुत्र्यास दरवर्षीं टोंचवावी. जेवत्या वा निजलेल्या कुत्र्यास छेडूं नये, हें मुलांस शिकवावें. तान्ह्यास त्याजपाशीं एकटें ठेवूं नये. दांत लागलाच, तर जखम १५ मिनिटें साबणपाण्यानें धुवून तत्काळ दवाखाना गांठावा. हळद-चुन्यावर विसंबूं नये. त्या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं, कीं रोगी बहुधा हातीं लागत नाहीं.

एवढी जबाबदारी पेलण्याची तयारी नसेल, तर दारास भक्कम कडी घालावी, हेंच बरें.